परतीचा दोर



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आजचा विषय वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. लहानसे खासगी विमान घेऊन पूर्वी कधी न पाहिलेल्या, रानावनातल्या धावपट्टीवर कसे उतरावे, हा काही चारचौघांच्या नित्याच्या गरजेचा प्रश्न नव्हे. येथे बसलेल्यांपैकी कोणाच्या दारात विमान उभे असेल असे आम्हांला वाटत नाही. आमच्या दारात तर नाहीच. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम निवडला, आणि त्याला कारण आहे. आपण सगळेच कधी ना कधी अनोळखी ठिकाणी उतरत असतो, आणि उतरण्याची घाई झालेली असली म्हणजे परत फिरण्याची वाट विसरतो. ही वाट न विसरण्याची शिस्त लहान विमानाच्या वैमानिकांनी जेवढ्या काटेकोरपणे बांधली आहे, तेवढी ती क्वचितच कोणी बांधली असेल. ती शिस्त कशी आहे, एवढेच आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

आज मोठ्या विमानतळावर उतरणाऱ्या वैमानिकाच्या दिमतीला मनोरा असतो, दिवे असतात, हवामानाचा अहवाल असतो. विमानविद्येच्या आरंभी यातले काहीच नव्हते. तेव्हा प्रत्येक धावपट्टी रानातलीच होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूला उतरले. विमान एका एंजिनाचे, नाव ‘पस मॉथ’. जमिनीवरून मार्ग सांगणारे कोणी नाही. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीतून. जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्रकाठची चिखलवट जमीन होती, आणि पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई. मग त्या लोकांनी काय केले? पाण्याशी झुंज दिली नाही. पावसाळ्यापुरते सगळे चंबूगबाळे उचलून ते पुण्यास आले आणि येरवड्याच्या तुरुंगाच्या सावलीतल्या मैदानावरून विमाने चालवू लागले. हिंदी विमान वाहतुकीच्या इतिहासात कराचीच्या उड्डाणाचे कौतुक सर्वत्र होते, ते योग्यच आहे. पण येरवड्यास येण्यातला शहाणपणा आम्हांला त्याहून कमी मोलाचा वाटत नाही. जमीन ‘नाही’ म्हणाली, हे त्यांनी ऐकले.

जमिनीचे हे ‘नाही’ ऐकण्याची विद्या आज जगात कोठे जिवंत आहे, असे विचाराल तर आम्ही अमेरिकेच्या आयडाहो राज्याकडे बोट दाखवू. तेथे सॅमन नावाची नदी खोल दऱ्यांतून वाहते. तिला लोक ‘न परतणारी नदी’ म्हणत आले आहेत. कारण जुन्या काळच्या लाकडी नावा प्रवाहाबरोबर खाली जात, पण खळाळ ओलांडून पुन्हा वर येऊ शकत नसत. १८०५ सालच्या ऑगस्टात लुइस आणि क्लार्क हे दोघे प्रवासी पश्चिम समुद्राचा मार्ग शोधीत या नदीपाशी आले. तेथल्या शोशोनी लोकांनी सांगितले, की या पाण्यातून वाट नाही. क्लार्क स्वतः काही मैल पुढे जाऊन पाहून आला, आणि ते मागे फिरले. शोशोनींकडून घोडे घेतले, तेथलाच वाटाड्या घेतला, उत्तरेकडून डोंगर ओलांडले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात समुद्र गाठला. नदी न परतणारी होती. माणसे परतली, म्हणूनच पोहोचली.

याच प्रदेशात आज तेवीस लाखांहून अधिक एकरांचे राखीव अरण्य आहे. १९८० साली कायद्याने ते राखून ठेवले, तेव्हा पूर्वीपासून वापरात असलेल्या धावपट्ट्या चालू ठेवण्याची तरतूद त्या कायद्यातच केली गेली. कारण उघड आहे. रस्ते नाहीत, हिवाळ्यात बर्फ असते, आणि दऱ्यांत एकाकी वस्त्या आहेत. त्यांचे टपाल आणि वाणसामानही कित्येक ठिकाणी लहान विमानानेच येते. या अरण्याच्या पश्चिम कडेला जॉन्सन क्रीक नावाच्या ओढ्याकाठी एक धावपट्टी आहे. तिच्यावर डांबर नाही, हिरवळ आहे. लांबी सुमारे ३,४०० फूट, रुंदी १५० फूट, उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ४,९३० फूट. म्हणजे आपल्या महाबळेश्वराहूनही पाचएकशे फूट वर. दोन्ही अंगांना देवदारासारख्या झाडांनी भरलेले डोंगर. मनोरा नाही. वैमानिकाने रेडिओवरून स्वतःच सांगायचे, की मी अमुक ठिकाणी आहे आणि अमुक बाजूने येतो आहे. ऐकणारा असेल तर तो दुसरा वैमानिकच. अशा ठिकाणी पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाबरोबर आपण आता मनाने जाऊ.

पहिली गोष्ट अशी, की हे उड्डाण विमानात बसून सुरू होत नाही. ते आदल्या रात्री कागद-पेन्सिल घेऊन सुरू होते. वैमानिकाचा पहिला शत्रू डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे विरळ हवा. उंचावर हवा विरळ असते हे आपण जाणतो. पण तापलेली हवाही विरळ होते, हे आपण विसरतो. जॉन्सन क्रीकच्या उंचीवर हवेचे प्रमाणित तापमान पाच अंश सेल्सियस धरतात. उन्हाळ्यातल्या दुपारी ते तीस अंश झाले, तर विमानाच्या लेखी ती धावपट्टी ४,९३० फुटांवर राहत नाही. ती जणू ७,९०० फुटांवर जाते. आपले कळसूबाईचे शिखर ५,४०० फूट. त्याच्या डोक्यावर आणखी अडीच हजार फुटांचा डोंगर ठेवा आणि त्यावर धावपट्टी आखा, म्हणजे कल्पना येईल. अशा हवेत एंजिन आपल्या शक्तीचा सुमारे पाऊण हिस्साच देते. समुद्रसपाटीच्या सवयीने पेट्रोल-हवेचे मिश्रण गडद ठेवले, तर तेवढीही देत नाही. पंखाला उचल कमी मिळते, पंखा हवा कमी ओढतो. तिघेही एकदम आळशी होतात.

आकडेच सांगतो. ‘सेस्ना १७२’ नावाचे चार आसनांचे विमान जगभर प्रसिद्ध आहे. त्याचा सत्तरीच्या दशकातला एक सर्वपरिचित नमुना घेतला, तर समुद्रसपाटीवर, प्रमाणित हवेत, पूर्ण भार घेऊन ते सुमारे ८०० फूट धावून जमीन सोडते, आणि ५० फूट उंचीचे झाड ओलांडायला त्याला एकूण १,४४० फूट लागतात. जॉन्सन क्रीकच्या त्या दुपारी हे दोन्ही आकडे दुपटीच्या जवळ जातात. वर चढण्याचा वेग मिनिटाला ७७० फूट होता, तो निम्म्यावर येतो. निम्म्यावर म्हणजे किती? वीस फूट पुढे गेल्यावर जेमतेम एक फूट वर. आपल्या घाटातला मोटाररस्ताही साधारण याच चढाने चढतो. तेव्हा ज्या दरीचा तळ घाटाच्या रस्त्यासारखा चढत असेल, त्या दरीत वरच्या अंगाला तोंड करून उड्डाण करणे म्हणजे जमिनीशी शर्यत लावणे होय. आणि ती शर्यत जमीन जिंकते. म्हणूनच जॉन्सन क्रीकला वारा अनुकूल असेल तेव्हा दक्षिणेकडे, म्हणजे ओढ्याच्या वरच्या अंगाला तोंड करून उतरतात, आणि निघताना उत्तरेकडे, ओढा वाहतो त्या दिशेने, उघड्या होत जाणाऱ्या दरीत उड्डाण करतात.

या हिशेबात एक फसवी गोष्ट आहे, ती सावकाराच्या वहीशी परिचय असलेल्यांना चटकन कळेल. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक खात्याने खासगी वैमानिकांसाठी एक मार्गदर्शक पत्रक काढलेले आहे. त्यात उड्डाणाच्या अंतराचे ठोकताळे दिलेले आहेत. वजन दहा टक्के वाढले तर अंतर वीस टक्के वाढते. तापमान दहा अंश वाढले तर दहा टक्के. कोरडे, बेताचे गवत असेल तर वीस टक्के. दोन टक्क्यांचा चढ असेल तर दहा टक्के. प्रत्येक अडचण एकेकटी पाहिली तर किरकोळ. पण यांची बेरीज करायची नसते, गुणाकार करायचा असतो. या चारांचा गुणाकार केला तर अंतर पाऊणपट वाढते. त्यात पाठीमागून थोडा वारा आला, म्हणजे विमानाच्या वेगाच्या दहा टक्के, तर आणखी वीस टक्के. आणि एकूण अंतर दुप्पट होऊन वर काही उरते. एका मित्राला आयत्या वेळी बरोबर घेतले, निघायला दोन तास उशीर झाला, गवत कापलेले नव्हते, वारा फिरला. यांतल्या एकाही गोष्टीने कोणी मेला नसता. चक्रवाढ व्याजाने माणसे बुडतात ती अशीच.

दुसरी गोष्ट विचारण्याची. नकाशावर धावपट्टीची लांबी असते. पण काल रात्री पाऊस पडला काय, गवत किती वाढले आहे, पहाटे हरणे कोठे चरतात, हे नकाशाला ठाऊक नसते. ते तेथल्या माणसाला ठाऊक असते. इंग्लंडात शेतकऱ्यांच्या शेतातल्या कितीतरी धावपट्ट्यांवर आधी फोन करून परवानगी घेतल्याखेरीज उतरता येत नाही. वरवर पाहता हा मालकीचा प्रश्न दिसतो. पण त्या दोन मिनिटांच्या बोलण्यात मेंढ्या कोणत्या शेतात आहेत आणि विजेच्या तारा कोणत्या बांधावरून जातात, हेही कळते. दहा हजार रुपयांचे यंत्र जे सांगणार नाही ते राखणदार फुकट सांगतो, मात्र त्याला विचारण्याइतकी नम्रता अंगी असावी लागते. क्लार्कने शोशोनींचे ऐकले, तेच हे.

आणि तो राखणदार हमखास एक गोष्ट सांगेल: सकाळी या. डोंगरातली रात्रीची गार हवा पहाटे दरीतून हळूहळू खाली सरकत असते. वातावरण शांत असते, हवा दाट असते. ऊन चढले, की डोंगराच्या उतारावरची हवा तापून वर धावू लागते, कड्यांमागे भोवरे उठतात. सह्याद्रीच्या माथ्यावर दुपारी उभे राहिलेल्या कोणालाही हा वारा ठाऊक आहे. त्या प्रदेशातले जुने वैमानिक सकाळी उडतात आणि दुपारी झाडाखाली पडून राहतात. यात आळस नाही, हिशेब आहे.

आता आपण दरीत शिरलो आहोत. नवशिक्याला वाटते, की दरीच्या मधोमध उडावे. दोन्ही डोंगर सारखे दूर राहतील. पण पुढे वाट बंद दिसली तर वळायचे कोठे? मधोमध असलेल्या विमानाला दरीची अर्धीच रुंदी मिळते. म्हणून जाणता वैमानिक एका कडेला धरून उडतो. त्याच्यासमोर वळायला सगळी दरी मोकळी असते. वळणाचाही हिशेब आहे. विरळ हवेत वेगदर्शकावर ऐंशी नॉटचा काटा दिसत असला, तरी विमान प्रत्यक्षात नव्वद नॉटच्या आसपास धावत असते, आणि वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाने वाढते. तीस अंश कलून उलट दिशेला वळायला समुद्रसपाटीवर सहाशे मीटर रुंदी पुरते. तेथे साडेसातशे मीटर लागतात. काटा तोच, हात तोच, सवय तीच. फक्त दरी दीडशे मीटरांनी अरुंद झालेली असते. वळण्याची जागा संपण्याच्या आधी वळण्याचा विचार संपवावा लागतो.

धावपट्टी दिसली. आता उतरावे, असे कोणालाही वाटेल. जाणता वैमानिक उतरत नाही. तो उंचावरून एक फेरी घालतो आणि पाहतो. वाऱ्याची कापडी पिशवी कोणीकडे फुगली आहे? दोन्ही टोकांच्या पिशव्या एकच सांगतात की वेगवेगळे? गवतात पाण्याची चमक आहे काय? जनावरे? तारा? आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, उतरलो तर पुन्हा निघायचे कोणत्या अंगाने? विहिरीत उतरण्यापूर्वी वर यायच्या पायऱ्या मोजाव्यात, तशातले हे आहे. उतरायला लागते त्याहून निघायला जागा बहुधा अधिक लागते. म्हणून जेथे विमान सुखाने उतरते, तेथूनच ते निघू न शकल्याचे प्रकार घडतात.

उतरतानाही डोळे फसवतात. धावपट्टी चढती असली तर आपण फार उंचावर आहोत असा भास होतो आणि वैमानिक नकळत खाली येतो. अरुंद असली तरी तेच. उतरती किंवा रुंद असली तर उलट. आणि भीती वाटू लागली, की हात वेग वाढवतो. मोटारीत भीती वाटली तर आपण ब्रेक दाबतो. विमानात वेग गेला तर पंखांची उचल जाते, म्हणून घाबरलेला माणूस वेग राखू पाहतो आणि जरुरीपेक्षा अधिक राखतो. पण वेग दहा टक्के अधिक असला, तर जमिनीवर थांबायला वीस टक्क्यांहून अधिक अंतर लागते. ओले गवत असले तर ब्रेक जवळजवळ बोलतच नाहीत. पलीकडच्या टोकाचे कुंपण दिसू लागते ते तेव्हा.

याला उपाय एकच आहे, आणि तो साधा आहे. पट्टीचा अमुक एक भाग संपेपर्यंत चाके टेकली नाहीत, तर पूर्ण शक्ती देऊन पुन्हा वर जायचे. पण ही खूण आधी ठरवावी लागते. हवेत ठरवू म्हटले, तर मन वकिली करू लागते: आणखी थोडे, आता टेकतीलच. काही दऱ्यांत तर पट्टीच्या पुढे डोंगरच उभा असतो. तेथे ही खूण पट्टीवर नसते, पट्टीच्या कितीतरी अलीकडे, हवेत असते. ती ओलांडली, की मग उतरणेच भाग. म्हणजे परतीचा दोर तेथे तुटतो. तो तेथे तुटतो हे आधी माहीत असणे, यालाच आम्ही कौशल्य म्हणतो.

निघतानाही असाच नियम आहे, आणि तो गणिताचा असल्यामुळे सुंदर आहे. पट्टीच्या मध्यावर निशाणी ठेवावी. तेथे पोहोचेपर्यंत उड्डाणाला लागणाऱ्या वेगाच्या सत्तर टक्के वेग आला नसेल, तर एंजिन मंद करून थांबावे. सत्तरच का? कारण वेगाचा वर्ग अंतराच्या प्रमाणात वाढतो, आणि ०·७ चा वर्ग ०·४९, म्हणजे जवळजवळ निम्मा. अर्ध्या अंतरात सत्तर टक्के आले नाहीत, तर उरलेल्या अर्ध्यात शंभर येणार नाहीत. येथे हिंमतीचा प्रश्न नाही. उत्तर आलेले असते. ते वाचायचे आणि ब्रेक दाबायचा.

श्रोतेहो, एवढे सगळे नियम माहीत असलेली माणसेही डोंगरात विमाने घालतात. का? कारण खाली कोणीतरी वाट पाहत असते. मित्र पट्टीच्या कडेला चहा ठेवून उभे असतात. सोमवारी कामावर जायचे असते. इतक्या दूर आलो, पाच मैल राहिले, आता परत काय जायचे? दहा कारणे पुढे ढकलतात, आणि मागे ओढणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे मनातली एक बारीक शंका. तिचा आवाज एंजिनाच्या आवाजात बुडतो.

आपल्या मराठी मनाला तर परतण्याची थोडी लाजच वाटते. सिंहगडावर तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरू लागले, तेव्हा सूर्याजीने कड्याचे दोर कापून टाकले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ती ऐकून आमचीही छाती भरून येते. पण त्या कथेचा पहिला अर्धा भाग आपण विसरतो. तो गड १६७० साली घ्यावा का लागला? कारण १६६५ साली पुरंदरच्या तहात महाराजांनी तेवीस किल्ले सोडून दिले होते, आणि त्यांत हाही होता. मिर्झाराजे जयसिंगाच्या फौजेपुढे त्या घडीला हवा विरळ होती, पट्टी आखूड होती; महाराज मागे फिरले. पाच वर्षांनी हवा बदलली, आणि ते परत आले. दोर कापणारा सूर्याजी आणि किल्ले सोडणारे महाराज यांत विरोध नाही. दोर कधी कापायचा हे ठाऊक असण्यासाठी तो एरवी जपून ठेवावा लागतो.

आता आरंभी सांगितलेल्या कारणाकडे वळतो. आपल्यापैकी फार थोडे विमान चालवतील; पण प्रवासी आपण सगळेच आहोत. वैमानिकाच्या मनातली ती बारीक शंका मोठी करण्याचे किंवा दाबून टाकण्याचे सामर्थ्य शेजारी बसलेल्या माणसात असते. ‘साहेब, पोचायलाच हवे’ असे एक वाक्य पुरते. घाटात धुके उतरले असता गाडी हाकणाऱ्या चालकाला आपण काय म्हणतो? लग्नाचा मुहूर्त गाठायचा म्हणून, सभा खोळंबली म्हणून, आपण त्याच्या मागे बसून त्याचा दोर कापत असतो. ‘अति घाई संकटात नेई’ ही पाटी घाटात आपण शंभरदा वाचली आहे. पण ती चालकासाठी लावली आहे असे समजून वाचली आहे. ती मागच्या आसनासाठीही आहे. चालक म्हणाला, की थांबावे, तर ‘थांबा, आम्ही कळवतो त्यांना’ असे म्हणणे, हे प्रवाशाचे काम आहे. आणि पलीकडे हार घेऊन उभे असलेल्या यजमानाचेही काम आहे: न आलेल्या पाहुण्याला उद्या त्याच आनंदाने हार घालणे. ज्या समाजात परत फिरलेल्या माणसाला टोमणे ऐकावे लागतात, तेथे पुढचा माणूस परत फिरत नाही.

जॉन्सन क्रीकला एखादे विमान पट्टीवर येते, खूण ओलांडण्याआधी घरघरत पुन्हा वर जाते, दरीतून दिसेनासे होते. कडेला तंबूत बसलेले दुसरे वैमानिक ते पाहतात. कोणी हसत नाही. तो माणूस आजच्या आज घरी पोहोचेल हे त्यांना ठाऊक असते.